सोळा बोल्टचा डबा

वाईट काम दिसलं की ते आधी तोंड धुवायचे.

हे मी अलंकारिक बोलत नाही. गालात धरलेला तंबाखू-सुपारीचा खर्रा नालीत थुंकायचा, प्लांटबाहेरच्या नळावर जायचं, चांगल्या चार-पाच चुळा भरायच्या आणि ओल्या मिशा खांद्यावरच्या दुपट्ट्याला पुसत परत यायचं. मग ज्याने काम केलं असेल त्याला शांतपणे सांगायचं, "मळमळून राहिलं गा मले. खोल ते. पुन्हा कर." वायरमनने तारेवरची नळी आखूड कापली, किंवा चार स्क्रूंच्या जागी तीन लावले, की त्यांच्या पोटात खरोखरच ढवळायचं. वाईट कामाचा राग येणारी माणसं तुम्ही पुष्कळ पाहिली असतील. वाईट कामाची किळस येणारा माणूस मी एकच पाहिला.

सुरुवातीला मला त्यांचीच किळस यायची, हेही सांगून टाकतो. दात खर्र्याने काळे पडलेले, डाव्या तळहातावर चुन्याचा कायमचा पांढरा डाग, बोलताना सुपारीचे कण उडायचे. मी उमरेडच्या विणकराचा मुलगा. आमच्या घरातला पहिला पदवीधर. कॉलेजच्या वसतिगृहात मी रुमालाची घडी घालायला शिकलो होतो आणि तेवढ्यावरून स्वतःला फार स्वच्छ समजत होतो.

ऐंशीच्या दशकाच्या मधली गोष्ट. कारखाना कळमेश्वरच्या बाजूला होता. सरकीच्या ढेपेत, म्हणजे पेंडीत, जे थोडं तेल उरतं, ते सॉल्व्हंटने धुऊन काढायचा प्लांट. सॉल्व्हंट म्हणजे पेट्रोलचा सख्खा भाऊ समजा. वास तसाच, स्वभावही तसाच. त्याची वाफ दिसत नाही, जमिनीलगत साचते, आणि एका ठिणगीची वाट पाहत पडून राहते. म्हणून गेटवरच काडीपेट्या, बिड्या आणि लायटर काढून घेत. आत हत्यारं पितळेची. दिवे, स्विच, मोटरी सगळं जाड ओतीव लोखंडाच्या डब्यांत बंद. त्या डब्यांची जबाबदारी त्यांच्याकडे होती. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. मी काकाजी म्हणायला लागलो, ते पुढे.

नोकरीच्या पहिल्या दिवशी बाबांनी मला नवे बूट घेऊन दिले होते. टिकावेत म्हणून मोच्याकडून टाचेला लोखंडी नालही मारून घेतली होती. मी टक्टक् आवाज करत गेटमधून आत निघालो. मागून आवाज आला, "ओ साहेब, घोडा आत न्याची परवानगी नाही."

गेटवरची माणसं हसली. मिस्त्रींनी मला ओट्यावर बसवलं, स्वतः खाली बसून माझे बूट काढले आणि त्यांचे रबरी तळव्याचे कॅनव्हासचे बूट मला घालायला दिले. दिवसभर ते अनवाणी फिरले. मी शरमेने आणि रागाने लाल झालो होतो. संध्याकाळी माझे बूट गेटवर ठेवलेले होते. नाल पक्कडीने उपटलेली, तिची भोकं मेणाने बुजवलेली, आणि बुटांना पॉलिश.

"कोन्या गावचा?" त्यांनी विचारलं.

"उमरेड."

"कोनाचा?"

मी बाबांचं नाव सांगितलं. ते म्हणाले, "माग चालवते तो? मीबी उमरेडचाच. माह्या घरची सतरंजी त्याच्याच हातची हाये." आणि लगेच, "मंग तुले साहेब कायले म्हणू? बापू म्हणतो."

त्या दिवसापासून मी त्यांना काकाजी म्हणायला लागलो. चारचौघांत मात्र ते मला साहेबच म्हणायचे. तो त्यांचा हिशेब वेगळा होता.

काकाजींनी वीस-बावीस वर्षं कोळशाच्या भूमिगत खाणीत काढली होती. तिथेही गॅस, तिथेही असेच डबे. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी ते एक गेज ठेवत. वेगवेगळ्या जाडीच्या पोलादी पत्त्यांचा छोटा जुडगा, चाकूसारखा उघडणारा. रोज सकाळी कुठल्या तरी डब्यापुढे उभं राहायचं, झाकण आणि डबा जिथे एकमेकांना भिडतात त्या सांध्यावर सगळ्यात पातळ पत्ती लावायची आणि हलकेच ढकलायची. आत गेली नाही, की डब्यावर थाप मारून पुढे. गेली, की म्हणायचे, "मेला हा." मग त्या डब्याची वीज बंद, आणि काकाजी नळावर.

मी एकदा विचारलं, "एक बोल्ट कमी असला तर काय होतं?"

"खाणीत एक डबा तीन बोल्टवर होता."

"मग?"

"मंग काय. मोजाले गेलो आम्ही."

ते डब्याचे बोल्ट मोजायला गेले नव्हते, हे समजायला मला थोडा वेळ लागला. 

आता एका कॅमेऱ्याकडे येतो.

प्लांटच्या दुसऱ्या मजल्यावर एक कामगार वाफेने गुदमरून पडला. बराच वेळ कोणाला पत्ता नव्हता. शिफ्ट बदलली तेव्हा सापडला. वाचला, पण पुढे त्याचं बोलणं अडखळत राहिलं. त्यानंतर कारखान्याचे मालक सेठजी यांनी ठरवलं की वरच्या मजल्यावर कॅमेरा लावायचा, म्हणजे खाली बसून माणसं दिसतील. ही सोय तेव्हा नागपुरात क्वचितच कोणी पाहिली असेल. कॅमेरा मुंबईहून आला. लाकडी खोक्यात, गवतात गुंडाळलेला. कॅमेरा हातभर लांब, आणि त्याचा डबा एवढा जड की दोन माणसांना उचलावा लागे. पुढे बोटभर जाडीची काच, मागे झाकण, झाकणाला सोळा बोल्ट.

काकाजींनी ते सोळा बोल्ट फडक्यावर ओळीने मांडले. झाकणाची कड रॉकेलच्या बोळ्याने पुसली, तिच्यात स्वतःचा चेहरा पाहिला. "असं काम पाहून जेवन गोड लागते," म्हणाले. त्यांना खूश झालेलं मी तेव्हा पाहिलं.

टीव्ही मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये बसला. चौथ्या-पाचव्या दिवशीच त्या टीव्हीचं काय होणार हे कळलं. साहेब खुर्चीत मागे रेलून, सुगंधी सुपारी चघळत, पडदा बघत बसायचे. कोण किती वेळा खाली उतरला, कोण पाइपाला टेकून उभा राहिला, कोणी खर्र्याची पन्नी काढली. मग माणसाला बोलावून घ्यायचं. "दहा वाजून वीस मिनिटांनी काय करत होतास?" माणूस गोंधळून जायचा. साहेब हसायचे आणि सुपारीचा चोथा खिडकीतल्या तुळशीच्या कुंडीत थुंकायचे. कामगारांच्या थुंकण्याबद्दल त्यांनीच भिंतीवर पाटी लावली होती. मी बाजूला फाइल घेऊन उभा असायचो आणि साहेब हसले की मीही थोडं हसायचो. ते हसू आठवलं की आजही मला माझ्या तोंडाची घाण वाटते.

वाफेने पडलेला तो कामगार परत कामावर आला होता. तोही एकदा त्या केबिनमध्ये उभा राहिला. पाइपाला टेकल्याबद्दल.

थंडी पडली आणि काचेवर आतून दव धरायला लागलं. सकाळी पडद्यावर नुसतं दूध. दर वेळी सोळा बोल्ट खोलायचे, काच पुसायची, सोळा बोल्ट आवळायचे. साहेब वैतागले. "सोळा कशाला? पडणार आहे का डबा खाली?" त्यांना खरंच वाटत होतं की बोल्ट डबा पडू नये म्हणून असतात. काकाजी म्हणाले, "साहेब, दोन दिवस द्या. डबा खाली उतरवतो, बाहेर दुपारच्या उन्हात तापवतो, तापलेलाच बंद करतो. दव येनार नाही." साहेबांनी दोन दिवस दिले नाहीत. मग काकाजी पुतणीच्या लग्नाला दोन दिवस गावी गेले, आणि त्या दोन दिवसांत मी माझं शिक्षण दाखवलं.

मी सुचवलं की झाकणाच्या सांध्यात रबर घालू. सायकलची जुनी ट्यूब कापून तिची चकती बसवायची, म्हणजे दमट हवाही आत जाणार नाही आणि सॉल्व्हंटची वाफही नाही. आत वाफच गेली नाही तर भडका कसला? आणि रबरामुळे झाकण घट्ट बसेल, मग चार कोपऱ्यांचे चार बोल्ट पुरे. उघडायला सोपं. साहेबांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. "याला म्हणतात इंजिनिअर. नाहीतर आमचे मिस्त्री, नुसते बोल्ट मोजत बसतात." मला गुदगुल्या झाल्या. वीज बंद करून मी स्वतः शिडीवर चढलो. झाकण चिकटलं होतं, तर सांध्यात लोखंडी पेचकस घालून उचकटलं. रबर बसवलं. चित्र काचेसारखं स्वच्छ आलं. उरलेले बारा बोल्ट मी टेबलाच्या खणात टाकले.

काकाजी परत आले ते बुंदीचा पुडा घेऊन. वीज बंद करवून शिडीवर चढले. खाली उतरले तेव्हा तोंड उतरलेलं होतं.

"पत्ती कायले पाहिजे, बोट जाते आत. कोनं केलं हे?"

"मी," मी म्हणालो. अजून अभिमानच होता.

ते नळाकडे गेले नाहीत. मला हाताला धरून ढेपेच्या गोदामामागे घेऊन गेले.

"बापू, हा डबा हवा अडवाले नाही. डबा दम घेते. दिवसा तापते, राती थंडा होते, वाफ आत जाते. जाऊ दे. आत ठिनगी पडली तं आतल्या आत भडका होईन. होऊ दे. डबा जाड हाये, फुटत नाही. तो जाळ बाहेर याले पाह्यते तं त्याले रस्ता एकच, लोखंडाच्या या दोन तोंडामधून, केसायेवढ्या फटीतून. येता येता लोखंड त्याची गरमी पिऊन घेते. बाहेर येते तो थंडा होऊन. म्हून ते तोंड आरशासारखं ठेवा लागते. म्हून सोळा बोल्ट, कुठीच ढील नको. तुह्यं रबर तं एका झटक्यात फाटते, अन् जाळ सीधा बाहेर. बाहेर काय हाये?"

बाहेर काय आहे ते मला माहीत होतं. बाहेर वाफ होती आणि तीन मजल्यांवर माणसं होती.

मला ते लगेच समजलं. हे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढे मी जे केलं ते न समजल्यामुळे केलं असं कोणी म्हणू नये. चार वर्षं कॉलेजात जे कोणी सांगितलं नव्हतं ते एका माणसाने ढेपेच्या पोत्यांमागे पाच मिनिटांत समजावलं, आणि मला पूर्ण समजलं.

"चूक झाली, काकाजी."

"होते. आता काढून टाकू. दोन दिवस बंद ठेव. तुही चिठ्ठी, माही चिठ्ठी, दोघायनं सही केली तरच वीज चालू."

असा नियम होता. प्लांटमधला कुठलाही डबा उघडला, की वीज परत देण्याआधी चिठ्ठीवर दोन सह्या. एक मिस्त्रीची, एक इंजिनिअरची. काकाजी गावी असताना साहेबांनी चाचणी म्हणून चिठ्ठीविनाच वीज देववली होती.

पण दुसऱ्याच दिवशी सेठजी पाहुण्यांना घेऊन येणार होते. ढेप विकत घेणारे परदेशी पाहुणे, आणि त्यांना कॅमेरा दाखवायचा होता. साहेबांनी काकाजींना बोलावलं. काकाजी म्हणाले, "सही नाही होत साहेब." "का?" "मळमळते." साहेबांनी त्यांना जायला सांगितलं आणि मला थांबवून घेतलं. ते ओरडले वगैरे काही नाहीत. टेबलावरचा एक कागद सरळ केला.

"तुमचं कन्फर्मेशनचं पत्र टाइप झालंय बरं का. माझी सही राहिलीय तेवढी."

मग चिठ्ठी माझ्यापुढे सरकवली. "मिस्त्रीच्या जागीही तुम्हीच करा. इंजिनिअर मोठा की मिस्त्री?"

माझ्या डोळ्यांपुढे बाबा आले. मागावर वाकलेली त्यांची पाठ आली, आणि मला नोकरी लागली तेव्हा त्यांनी आळीत वाटलेले पेढे आले. हे सगळं खरंच डोळ्यांपुढे आलं, आणि त्याच्या आडून मी सही केली. दोन्ही जागी केली. साहेबांनी लगेच माझ्या पत्रावर केली. मग ते सुपारीचा चोथा थुंकायला खिडकीकडे वळले.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता केबिनमध्ये अत्तराचा घमघमाट होता. सेठजी, दोन गोरे पाहुणे, साहेब, आणि काजूची बशी घेऊन मी. पडद्यावर वरचा मजला अगदी स्पष्ट दिसत होता. पाहुण्यांनी माना डोलावल्या.

तेवढ्यात पडद्याच्या खालच्या कडेला एक टोपी दिसली. टोपी वर आली, मग कपाळ, मग डोळे. काकाजी शिडीवर चढत होते. बघता बघता त्यांच्या चेहऱ्याने सगळा पडदा व्यापला. जाड काचेमुळे नाक भोपळ्याएवढं, गालात खर्र्याचा फुगवटा, मिशीचा एकेक केस मोजता येईल असा. पाहुणे खो खो हसायला लागले. सेठजीही हसले, "अरे, यह कौन हीरो है?" सगळेच हसत होते. मीही हसलो.

काकाजींनी गेजची पातळ पत्ती उघडून काचेसमोर धरली. मग ते बाजूला झुकले, त्यांचा हात डब्याच्या मागच्या अंगाला गेला. परत समोर आले तेव्हा त्यांनी ती पत्ती पुन्हा काचेसमोर धरली आणि ओठ हलवून काहीतरी म्हटलं. कॅमेऱ्याला आवाज नव्हता. एकदा म्हटलं, थांबून आमच्याकडे पाहिलं, पुन्हा म्हटलं. हसण्याचा आणखी एक लोट उठला. मग ते खाली उतरले आणि रिकामा मजला दिसायला लागला. दोन-तीन मिनिटांनी पडदा काळा झाला.

त्यांनी प्लांटबाहेरच्या पॅनलरूममध्ये जाऊन कॅमेऱ्याचा फ्यूज काढून घेतला होता.

पाहुण्यांना चहाला बसवून साहेब तरातरा बाहेर आले. मी मागे. काकाजी गेटजवळच्या ओट्यावर बसले होते, मला अनवाणी करून बसवलं होतं त्याच ओट्यावर. फ्यूज मुठीत होता.

"फ्यूज द्या."

"सोळा बोल्ट लावा, देतो."

"मिस्त्री, हे सरळ तोडफोडीचं काम आहे. नोकरी जाईल."

"जाऊ द्या. पन वर मानसं हायेत साहेब."

"आजवर काही झालंय का?"

"काही झालं असतं तं विचाराले तुम्ही राहिले असते का?"

गेटवरचे दोघे-तिघे जमले होते. कोणी हसलं नाही. साहेबांनी फ्यूजसाठी हात पुढे केला. काकाजींनी त्या हाताकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्याकडे पाहिलं.

"चिठ्ठीवर दोन्ही सह्या या साहेबायच्या हायेत ना? मंग यायनं मांगावा. यायनं मांगला तं देतो."

साहेब माझ्याकडे वळले. "मागा हो."

वाचक मला विचारतील, तू तेव्हा काय विचार केलास? काही नाही. विचार कालच करून झाला होता. मी हात पुढे केला.

काकाजींनी माझ्या तळहातावर फ्यूज ठेवला. त्यांच्या हातातला चुना माझ्या हाताला लागला. मळमळतं असंही ते म्हणाले नाहीत. उठले, काडीपेट्यांच्या ट्रेमधून स्वतःची काडीपेटी ओळखून घेतली आणि गेटमधून बाहेर पडले. तिसऱ्या दिवशी त्यांना काढल्याची नोटीस फलकावर लागली.

आणि काहीही झालं नाही.

तुम्ही स्फोटाची वाट पाहत असाल तर तो झाला नाही. डब्यात ठिणगी पडली नाही, प्लांट चालत राहिला. साहेब येता जाता म्हणत, "बघा. काही झालं का?" माझ्या माहितीतलं ते सर्वांत घाणेरडं वाक्य आहे. कारण त्याला त्या क्षणी उत्तर नसतं, आणि ज्या दिवशी उत्तर येतं त्या दिवशी म्हणणारा बहुधा घरी असतो.

मला मात्र झालं. सकाळी कंपनीच्या बसमध्ये सॉल्व्हंटचा वास दुरून आला की तोंडाला पाणी सुटायचं, ओकारीआधी सुटतं तसं. डबा जेवणाचाही उघडवत नसे. सुटीत घरी गेलो तर आईला वाटलं मला कावीळ झाली.

टीव्हीची नवलाई महिनाभरात ओसरली. साहेबांच्या पत्नींनी विणलेलं एक क्रोशाचं कव्हर त्याच्यावर आलं. आधी सकाळी काढत, संध्याकाळी घालत. मग काढेनासे झाले. मग कव्हरावर प्लॅस्टिकच्या फुलांची फुलदाणी आली. ज्याच्यासाठी एका माणसाची नोकरी गेली, तो पडदा आता फुलदाणीचं टेबल झाला होता. खाली, कव्हराच्या आत, तो चालूच होता. वर डब्यात वीज होती, चार बोल्ट होते आणि माझं रबर होतं.

प्लांट सोमवारी बंद असे, ऑफिसला सुटी रविवारी; अशाच एका बंदच्या सोमवारी वीज बंद करून मी डबा उघडला. रबर काढलं. रॉकेलच्या बोळ्याने कडा पुसल्या. खणातले बारा बोल्ट घेतले आणि सोळाही आवळले. मग रविवारी एसटीने उमरेडला गेलो. घरी न जाता आधी त्यांच्याकडे.

काकाजी दारात बसून कोणाचा तरी टेबलफॅन खोलत होते. मला पाहून हातातलं काम थांबवलं नाही. काकूंना हाक मारली, "अवं, विणकराचं पोट्टं आलं. चहा ठेव."

मी रबर काढल्याचं सांगितलं.

"सोळाही लावले?"

"सोळाही."

"पत्ती टाकून पाह्यली?"

माझ्याकडे गेज नव्हतं.

"मंग तुले काय माहीत?" ते म्हणाले. त्यात टोमणा नव्हता, नुसता प्रश्न होता. त्यांनी खिशातून गेज काढलं, त्याचा स्क्रू सैल केला, सगळ्यात पातळ पत्ती काढून वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळून मला दिली. "परत आनून देजो. तिच्याबिना बाकीच्या बेकार हायेत."

चहा झाला. निघताना मी न राहवून विचारलं, "काकाजी, त्या दिवशी शिडीवरून तुम्ही काय म्हणालात?"

त्यांनी पंख्याचं पातं फडक्याने पुसलं. "तुलेच म्हणत होतो. बापू, पाह्यजो, म्हणत होतो. पत्ती जाऊन राहिली, पाह्यजो. तू तिथी असशीन हे माहीत होतं ना मले. बाकीच्यायले काय समजते?"

मी चपला घातल्या. मी हसलो होतो हे त्यांना सांगू शकलो नाही.

पुढच्या बंदच्या दिवशी वीज बंद करून मी शिडीवर चढलो आणि पत्ती सांध्यावर फिरवली. तीन बाजूंनी ती अडली. चौथ्या बाजूला, मी पेचकस घालून उचकटलं होतं तिथे लोखंडाची कड उचलली गेली होती. तिथे पत्ती सरळ आत गेली. मी पुन्हा काढली, पुन्हा घातली. पुन्हा गेली. डबा माझ्या हातून मेला होता, आणि आता सोळा काय, बत्तीस बोल्टांनीही जिवंत होणार नव्हता.

दुसऱ्या दिवशी प्लांट चालू व्हायच्या आधी मी पॅनलरूममध्ये जाऊन कॅमेऱ्याचा फ्यूज काढला. तो मुठीत घेऊन गेटजवळच्या ओट्यावर जाऊन बसलो. मनात उत्तरं तयार केली होती. नोकरी पक्की केल्याचं पत्रही खिशात होतं, मागितलंच तर द्यायला.

जेवणाच्या सुटीपर्यंत बसलो. संध्याकाळच्या भोंग्यालाही पुन्हा जाऊन बसलो. त्या दिवशी कोणी आलं नाही. त्या आठवड्यातही नाही. कव्हर कोणी उचललंच नाही.

रविवारी मी पत्ती परत द्यायला उमरेडला गेलो. काकाजींनी ती उजेडात धरून पाहिली, वाकली नाही याची खात्री केली, गेजमध्ये बसवून स्क्रू आवळला. मी सगळं सांगितलं.

"अन् फ्यूज मांगाले कोन आलं?"

"कोणीच नाही, काकाजी."

 मला वाटलं, हसतील. काकाजी उठले, अंगणाच्या कडेला जाऊन गालातला खर्रा थुंकला, रांजणातून लोटा भरून घेतला. मी दारातून पाहत होतो. पाठमोरे वाकून ते चुळा भरत होते. चार झाल्या, पाच झाल्या. लोटा रिकामा झाला, तेव्हा त्यांनी तो पुन्हा भरून घेतला.